लेकुरवाळ्यांचे सख्य : हुबळी-धारवाडच्या इतिहासातील एक न लिहिलेले पान

पुरुषांच्या मैत्रीस इतिहासात जागा मिळते. धारवाडचेच उदाहरण घ्यावे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात द. रा. बेंद्रे यांच्याभोवती या गावात तरुण लेखकांचा जो मेळा जमला, त्यास त्या मंडळींनी ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रांचा मेळा, असे साधे नाव दिले. आज कन्नड वाङ्मयाचा कोणताही इतिहास उघडला तरी या मेळ्यावर एखादे प्रकरण, निदान एखादे पान, सापडतेच. घरी मराठी बोलणाऱ्या आणि कन्नडात अजोड काव्य लिहिणाऱ्या बेंद्र्यांनी कवी म्हणून जे नाव घेतले ते ‘अंबिकातनयदत्त’. अंबिकेचा मुलगा दत्त. कवीने आपल्या नावाच्या आधी आईचे नाव लावावे यात मातृभक्ती तर आहेच. पण आमच्या मनात एक वेगळाच प्रश्न येतो. मुलाचे मित्र कोण होते हे आपणांस ठाऊक आहे. त्या काळच्या धारवाडातील आयांच्या मैत्रिणी कोण होत्या? त्या कोठे भेटत, काय बोलत, एकमेकींच्या अडीअडचणीस कशा धावत? या प्रश्नास उत्तर देणारे प्रकरण कोणत्याही ग्रंथात नाही.

प्रकरण नाही म्हणून वस्तूच नव्हती असे मानणे हे वकिली शास्त्रासही धरून नाही. दस्तऐवज नसला तर परिस्थितीचा पुरावा पाहावा लागतो. आणि परिस्थितीचा पुरावा या बाबतीत भरपूर आहे.

प्रथम ती आई कोण होती हे ध्यानात घेतले पाहिजे. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा मुलीचे वय दहावरून बारा करण्यात आले, आणि तेवढ्यावरून सबंध देशात केवढे वादळ उठले हे प्रसिद्धच आहे. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविणारा सारडा कायदा 1929 चा. तो 1 एप्रिल 1930 पासून अमलात आला. याचा अर्थ असा की आमच्या पणज्या ज्या वयात आई झाल्या, त्या वयाच्या मुलीस आज आपण रस्ता ओलांडताना हात धरावयास लावू. आईपण येत होते, पण आईचे बालपण अद्याप संपलेले नव्हते. अशा मुलीस तिच्याएवढ्याच दुसऱ्या मुलीची सोबत ही काही चैनीची वस्तू नव्हती.

त्यातून हुबळी-धारवाडची गोष्ट आणखी निराळी. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे या भागात आली. धारवाडात तिची मुख्य कचेरी आणि हुबळीत कारखाना झाला. ज्या इमारतीत कचेरीचे कारकून खर्डेघाशी करीत, तीतच पुढे कर्नाटक कॉलेज आले. रेल्वे, कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि कापसाची बाजारपेठ यांच्या मागोमाग पुण्या-साताऱ्याकडून, बेळगावकडून, गोव्यातून, कारवार-कुमठ्याकडून, मंगळुराकडून कुटुंबे येऊन स्थिरावली. घरात मराठी किंवा कोकणी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी, अशी पुरुषांची तीन भाषांची सोय लागून गेली. घरातील सुनेची मात्र गैरसोय झाली. मराठीत जे माहेर, तेच कोकणीत कुळार आणि कन्नडात तवरुमने. शब्द तीन, पण कालवाकालव एकच. आणि या नवीन गावी आलेल्या मुलीचे ते स्थळ आता आगगाडीच्या एक-दोन दिवसांच्या प्रवासापलीकडे राहिलेले असे.

तिच्यासाठी मैत्रीचे दार उघडले ते धर्मविधींनी. आम्ही हे विधान भाविकतेने करीत नाही, व्यवहार पाहून करतो. जुन्या कुटुंबात सुनेला उंबऱ्याबाहेर पडण्यास कारण लागे, आणि सासूला नाकारता येणार नाही असे कारण म्हणजे व्रत. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे, श्रावणातील मंगळागौर, संक्रांतीचे वाण, शेजारच्या कन्नड घरातील अरिशिण-कुंकुम, देवळातील पालखी आणि समाराधना, यांतील प्रत्येक प्रसंग हा वरवर पाहता देवतेचा, पण आतून पाहता बायकांच्या भेटीचा. ओटी भरताना ‘कितवा महिना?’ हा प्रश्न विचारला जाई, आणि त्या एका प्रश्नातून जे बोलणे सुरू होई ते उलटी, पायांची सूज, सुईणीचा हातगुण, मागच्या खेपेस गेलेले मूल, अशा ज्या गोष्टी नवऱ्याजवळ आणि सासऱ्याजवळ बोलता येत नसत त्यांपर्यंत जाऊन पोहोचे. डोहाळजेवण, पाचवी, बारसे हे आणखी जवळचे प्रसंग. बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडीच्या धुरात जी बाई तासन् तास बसून राही, जी आपल्या घरून डिंकाचे लाडू आणी, जिच्या अंगावर दूध भरपूर असल्याने ती दुसरीच्या भुकेल्या मुलास प्रसंगी पदराखाली घेई, तिचे आणि त्या बाळंतिणीचे नाते काय म्हणावे? मराठी भाषेने यासाठी ‘दूधभाऊ’ हा शब्द दिला, तो मुलांपुरता. दोन आयांमधील नात्यास वेगळा शब्दच घडला नाही. त्या एकमेकींस अक्का, वहिनी, मावशी म्हणत राहिल्या आणि मैत्रीस नात्याचे नाव देऊन मोकळ्या झाल्या.

आमच्या सारस्वत वाचकांस चूडीपूजेची आठवण करून देणे अनाठायी होणार नाही. श्रावणातील शुक्रवारी आणि रविवारी सुवासिनी फुले, दूर्वा व पत्री यांची लहानशी जुडी केळीच्या सोपाच्या धाग्याने बांधतात, तुळशीपुढे पूजा करतात, आणि ती चूडी एकमेकींस देतात. वडीलधाऱ्या बायकांस नमस्कारासह देतात. जी म्हालगडी दूरगावी असेल तिला चूडी आणि कुंकू लिफाफ्यात घालून टपालाने पाठविण्याची चाल आहे. लिफाफा उघडताना फुले सुकलेली असत, पण कोणी आपली आठवण ठेवली आहे एवढे त्यांतून कळे. ज्या बाईस पत्र लिहिण्याइतके अक्षर येत नव्हते तिलाही हा निरोप पाठविता येई. दूर राहणाऱ्या बायकांचा एक समाज टपालाच्या पेटीतून जोडलेला होता, हे आपल्या सामाजिक इतिहासकारांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

टपालाने जुळलेल्या अशा सख्याचे सर्वांत थोर उदाहरण मराठी माणसास शोधण्यास दूर जावे लागत नाही. 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि त्यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले. त्या शोकातून वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय उपजला हे सर्वांस माहीत आहे. परंतु तो निश्चय तडीस नेणारी स्त्री कोण होती, हे तितके आठवले जात नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात रोझेल गावी राहणाऱ्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असता 1880 साली एका मिशनरी नियतकालिकात या जोडप्याविषयी वाचले, आणि उत्सुकतेने पत्र घातले. त्या स्वतः मुलाबाळांच्या आई होत्या. एकमेकींस कधी न पाहिलेल्या या दोघींमध्ये तीन वर्षे पत्रे चालली. 1883 साली आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा त्या परक्या देशात त्यांस राहण्यास एक घर होते आणि हाक मारण्यास एक मावशी होती. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थी या मावशींकडे पाठविण्यात आल्या आणि पकिप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. पत्राने जुळलेले नाते सख्ख्या नात्याचा शेवटचा हक्कही मिळवू शकते, याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

एवढे सांगून झाल्यावर आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. हळदीकुंकवाने ज्या मैत्रीस दार उघडले, त्या दाराला एक उंबरा होता. ज्या दिवशी नवरा गेला त्या दिवशी ती बाई हळदीकुंकवाच्या यादीतून गळे. कालपर्यंत जिच्या मांडीवर आपले मूल निःशंक ठेवले, ती आज समोरून आली तर अपशकुन! तिची मुले लहान असत, त्यांचा ताप, त्यांची शाळा, त्यांचे पोट हे सारे प्रश्न दुप्पट झालेले असत. आणि ज्या काळात तिला मैत्रिणींची खरी गरज, नेमक्या त्याच काळात मैत्रिणी भेटण्याचे प्रसंग तिला बंद होत. आईपण तेच राहिले, पण सख्य गेले. सख्य हे आईपणाला नव्हे, सौभाग्याला जोडलेले होते, असा याचा कठोर अर्थ होतो.

हा उंबरा ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न जिने केला ती स्त्री कर्नाटकाच्या भूमीतच जन्मलेली होती. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. 1881 साली त्यांस मनोरमा ही मुलगी झाली आणि पुढल्याच वर्षी, म्हणजे 1882 च्या आरंभी, पती निवर्तले. जेमतेम वर्षाचे मूल कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्यांच्या पुढील धर्मांतराविषयी वाचकांची मते काहीही असोत. एका तरुण विधवा आईने बायकांना व्रतावाचून, वाणावाचून, केवळ एकत्र बसून विचार करण्यासाठी बोलाविले, ही घटना नवी होती. त्या सभांस जाणाऱ्या रमाबाई रानडे यांस घरातील वडील बायकांकडून किती सोसावे लागले, हे त्यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगून ठेवले आहे.

पुण्यातील हे वारे हुबळीस पोहोचण्यास चार दशके लागली. पण पोहोचले तेव्हा ते एका कोकणी घराण्याच्या द्वारे पोहोचले, याचा या नियतकालिकाच्या वाचकांस अभिमान वाटावा. उमाबाई कुंदापूर यांचा जन्म 1892 चा, मंगळुरास झाला. लग्न लहानपणीच झाले. सासरे आनंदराव कुंदापूर हे सुधारणावादी. त्यांनी सुनेस शिकविले, मॅट्रिकपर्यंत नेले आणि मुंबईत गावदेवी भागातील महिला समाजाच्या कामास लावले. तरुणपणीच उमाबाईंस वैधव्य आले. आपल्या समाजात अशा सुनेचे पुढे काय होई हे सांगावयास नको. आनंदरावांनी सुनेसह हुबळीस बिऱ्हाड केले, तेथे कर्नाटक प्रेस हा छापखाना चालविला, आणि उमाबाईंनी टिळक कन्याशाळा हाती घेतली. मुली शाळेत येऊ लागल्या, तशा त्यांच्या आयाही ओळखीच्या झाल्या. या ओळखींतून उमाबाईंचे भगिनी मंडळ वाढले.

या मंडळाचे महत्त्व कशात आहे? ते चालविणारी स्त्री स्वतः विधवा होती, हीच त्याची पहिली घटना. जेथे बोलावणारीच कुंकवाच्या यादीबाहेरची, तेथे यादी उरतेच कोठे? सवाष्ण, विधवा, लेकुरवाळी, निपुत्रिक, या चार रकान्यांत वाटलेल्या बायका एकाच सतरंजीवर बसल्या.

याच सुमारास, 1923 साली, डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवा दल उभे राहिले. धारवाडात जन्मलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या आणि अमेरिकेत शिकून आलेल्या या गृहस्थांनी हुबळी हे आपले केंद्र केले. उमाबाई दलाच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख झाल्या. 1924 च्या डिसेंबरात बेळगावास महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठी उमाबाईंनी गावोगाव हिंडून दीडशेहून अधिक स्वयंसेविका जमविल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्या कुटुंबातून सुनेस शेजारच्या आळीत एकटी पाठवीत नसत, त्या कुटुंबाने तिला अधिवेशनाच्या मांडवात कामास पाठविले, ते कोणाच्या भरवशावर? राष्ट्रभक्ती हे त्याचे उत्तर आहेच. परंतु उमाबाई घरी येऊन सासूपुढे बसल्या, तिच्याशी बोलल्या, ‘मी बरोबर आहे’ म्हणाल्या, हेही उत्तर असावे असा आमचा तर्क आहे. चळवळी जाहीर सभांनी दिसतात. त्या उभ्या राहतात स्वयंपाकघरातील ओळखींवर.

1932 साली उमाबाईंस चार महिन्यांची शिक्षा होऊन येरवड्यास नेण्यात आले. त्या तुरुंगात असतानाच त्यांचे आधारवड सासरे वारले. सुटून आल्या तेव्हा छापखाना जप्त झालेला, शाळेला टाळे लागलेले, आणि भगिनी मंडळ बेकायदा ठरलेले होते. संस्था बेकायदा ठरविण्याचा जो अधिकार सरकारने 1908 च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने घेतला होता, त्याखाली अशा संस्थेचे नुसते सभासद असणे हाही सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हांस या घटनेचे मोठे कुतूहल वाटते. ज्या बायकांचे सख्य समाजाच्या खिजगणतीत नव्हते, ते सरकारने मात्र अचूक ओळखले. आयाबहिणींचे मंडळ ही साम्राज्याला बंद करण्याजोगी वस्तू वाटली, यापरते मोठे प्रशस्तिपत्र त्या मंडळास मिळाले नसते.

मंडळ कागदावर मेले, पण घर राहिले. येरवड्याहून व इतर तुरुंगांतून सुटणाऱ्या बायकांपुढे एक साधाच पण फार अवघड प्रश्न असे: आता जावयाचे कोठे? कोणाजवळ गाडीभाडे नसे. कोणास सासरचे घरात घेण्यास कचरत. अशा बायकांस उमाबाईंनी आपल्या लहानशा घरात ठेवून घेतले आणि घरी जाण्यासाठी भाड्याची तजवीज केली. कुळार हा शब्द जर खरा कोठे लागू पडत असेल तर तो या घरास.

धारवाडातही याच काळात असेच काम उभे राहत होते. 1928 साली भागीरथीबाई पुराणिक यांनी स्थापन केलेल्या वनिता सेवा समाजाने स्त्रियांच्या शिक्षणाची सोय केली. आणि जिला कोणत्याही मंडळात जाता येत नव्हते, तिच्यासाठी 1930 साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघू लागले. धारवाडच्या वाड्यातील आणि नागपूरच्या बिऱ्हाडातील दोन बायका एकमेकींस न भेटता एकच लेख वाचून एकाच काळजीविषयी विचार करू लागल्या. चूडीचा लिफाफा आता छापून येऊ लागला, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

कस्तुरबा 1944 च्या फेब्रुवारीत आगाखान महालात बंदिवासात वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ जमलेला एक कोटीहून मोठा निधी खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा, असा महात्माजींचा आग्रह होता. आणि कर्नाटक शाखेची जबाबदारी 1946 साली त्यांनी उमाबाईंवर सोपविली. खेड्यांतील गरजू स्त्रियांस ग्रामसेविकेचे शिक्षण देऊन आरोग्य आणि बालसंगोपन यांच्या कामासाठी गावोगाव पाठवावयाचे, असे ते काम होते. बाळंतिणीजवळ बसणारी अक्का जे पिढ्यान् पिढ्या करीत आली, त्यास आता शिक्षणाची जोड मिळाली. स्वातंत्र्यानंतर देऊ केलेले मानसन्मान उमाबाईंनी नाकारले. हुबळीतच राहून, वयाची शंभरी गाठून, 1992 साली त्या निवर्तल्या.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. या सख्याचा इतिहास लिहिला का गेला नाही? एक कारण आमच्याच व्यवसायातले आहे. 1860 चा संस्था नोंदणीचा कायदा सात जणांस एकत्र येऊन संस्था नोंदविण्याची मुभा देतो. परंतु हेतू साहित्याचा, शास्त्राचा, धर्मादायाचा असावा लागतो. म्हणून मंडळाच्या घटनेत शिवणवर्ग, वाचनालय, बालवाडी असे हेतू लिहिले गेले. ‘मूल रात्रभर रडले तर दुसऱ्या दिवशी मन मोकळे करण्यास जागा असावी’ हा हेतू कोणत्याही घटनेत आढळणार नाही. आणि बहुतेक जणी मात्र त्याच हेतूने आल्या. दप्तरात शिवणयंत्रांची संख्या सापडते, मैत्रिणींची सापडत नाही.

हुबळी-धारवाड ही जोडशहरे 1956 साली मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेली, 1962 साली त्यांची एक महापालिका झाली, 2014 साली हुबळीचे नाव अधिकृतपणे हुबळ्ळी झाले. घरेही बदलली. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. बाळंतपण इस्पितळात गेले. सुईण दिसेनाशी झाली. आजची तरुण आई एकत्र कुटुंबाच्या जाचातून पुष्कळ अंशी सुटली, पण त्याबरोबर शेगडीजवळ बसणारी अक्काही तिला पारखी झाली. तीन खोल्यांच्या घरात, नवरा कामावर गेलेला, तान्ह्यास घेऊन एकटी बसलेली मुलगी हातातील फोनवर आपल्यासारख्या दुसरीस शोधते, तेव्हा वडील मंडळी नाक मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. ती तिच्या पणजीचाच मार्ग चोखाळीत आहे. साधन तेवढे बदलले. मात्र फोनवरील मैत्रीण ताप आलेल्या मुलाच्या उशाशी येऊन बसू शकत नाही. ते काम शेजारच्याच बाईचे, आणि तिच्याशी ओळख करून देण्याचे काम अद्यापही देवळाचे आणि समाजाचे आहे.

म्हणून दोन सूचना करून लेख पुरा करतो. पहिली, आपापल्या देवस्थानात नि समाजमंदिरात जे हळदीकुंकू होईल त्याचे बोलावणे सर्व आयांस जावे. विधवा आईचे नाव त्या यादीत पहिल्याने लिहावे. उमाबाईंच्या गावी हे वेगळे सांगावे लागू नये, पण पुष्कळ ठिकाणी अजून लागते. दुसरी सूचना लेखणीची. ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीच्या आजी आहेत त्यांनी त्यांस एकच प्रश्न विचारावा: तुमचे पहिले मूल झाले तेव्हा तुमच्याजवळ कोण बसले होते? जे नाव त्या सांगतील ते, त्या बाईचे गाव आणि आळी यांसह, त्याच दिवशी वहीत उतरून ठेवावे. साक्षीदार हयात असतानाच जबानी घ्यावयाची असते, एवढे तर कोणताही वकील सांगेल.